गाडी रात्री कुठे झोपते?

(उन्हाळी व्याख्यानमालेत, तरुण वक्त्यांच्या संध्याकाळी केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडी काटछाट केलीय.)

नमस्कार. समोर निम्मे लोक मला फ्रॉकमध्ये बघितलेले आहेत, त्यामुळे वक्ता वगैरे म्हणवून घ्यायला जरा लाज वाटतेय, पण विषय माझ्या अभ्यासाचा आहे आणि घरातल्या भांडणाचाही आहे म्हणून हो म्हटलं. मी इथे बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आणि आमच्याकडे दिवाळीपासून नवीन गाडी घ्यायचं चाललंय, म्हणजे घ्यायचं कमी आणि चाललंय जास्त.

घरात चार माणसं आणि पाच मतं, कारण पुण्याचा दादा फोनवरून वेगळं मत देतो. बाबांना सीएनजी हवी, गुजरातमध्ये पंप जागोजाग आहेत आणि आजपर्यंत काही त्रास झाला नाही हे त्यांचं एकमेव कारण, आणि कारण वाईट नाहीये. दादा म्हणतो इलेक्ट्रिक घ्या, पाच टक्केच जीएसटी आहे. त्यावर बाबा पेपर दाखवतात की सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचाही अठ्ठावीसचा अठरा झाला, वरचा सेसही गेला, म्हणजे तुझा फरक कमीच झाला ने. आई म्हणते रंग पांढरा नको. आणि आजीचा प्रश्न सगळ्यात साधा असतो, तो शेवटी सांगते, नाही, आत्ताच सांगते, कारण माझं सगळं बोलणं त्याच्यावरच आहे. आजीने विचारलं, ती गाडी रात्री कुठे ठेवणार?

बाकी सगळे विचारतात, इलेक्ट्रिक गाडी एकदा चार्ज केली की किती जाते. काका, मावशी, शेजारचे पटेलकाका, सगळे. आपण वर्षानुवर्षं किती देते, किती देते असं विचारत आलो त्याचीच ही पुढची पिढी. कंपनी कागदावर जो आकडा लिहिते त्याचा दोन तृतीयांश ते पाऊण धरायचा, मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात एसी लावून चालवणार असाल तर अजून थोडा कमी. म्हणजे कागदावर तीनशे असेल तर दोनशे, सव्वादोनशे. आता मला सांगा, आपण दिवसाला किती जातो? घरून मांजलपूर, तिथून अलकापुरी, मग रावपुरा, परत घरी. वीस-पंचवीस किलोमीटर झाले तरी संध्याकाळी दमून गेलो म्हणतो आपण. दोनशेचं काय करणार?

फोनचं बघा. तुमच्यापैकी कोणी दुकानात जाऊन विचारलं का की हा फोन न चार्ज करता किती दिवस जाईल? नाही विचारत, कारण रात्री उशाशी लावायचा आणि सकाळी भरलेला असतो हे इतकं अंगवळणी पडलंय की तो प्रश्नच उरला नाही. फोन भरायला आपण कुठे जात नाही. आणि गाडीचं नेमकं तेवढंच बदलतं, पंपावर जाणं बंद होऊन झोपायच्या आधी एक काम वाढतं. ज्याच्या घरी हे काम करायची जागा आहे त्याच्यासाठी इलेक्ट्रिक गाडी एकदम सोपी, आणि ज्याच्याकडे नाही त्याला दोनशे काय पाचशे किलोमीटरवाली दिली तरी डोकेदुखी. माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर, बाकी सगळं त्याचा पसारा.

थोडे आकडे सांगते, इंजिनिअरिंगवाली आहे तर सहन करा. आपल्या फोनच्या बॅटरीवर 5000 एमएएच लिहिलेलं असतं, त्यात साधारण 19 वॉट-तास वीज मावते. एक युनिट म्हणजे 1000. म्हणजे एका युनिटमध्ये पन्नासेक फोन भरतात, आणि वर्षभर रोज फोन पूर्ण चार्ज केला तरी सात-आठ युनिट होतात, बस. आमची आजी चार्जरचं बटण चालू राहिलं की सगळ्या घराला ऐकवते, तिला मी हे सांगितलं तर म्हणाली तुझं गणित राहू दे, बटण बंद कर. असो. आता गाडी. हालोलला, इथून चाळीसेक किलोमीटरवर, 2020 पासून इलेक्ट्रिक गाड्या बनतायत, त्यातली सगळ्यात छोटी जी खेळण्यासारखी दिसते तिच्यात 17.3 युनिटची बॅटरी आहे. म्हणजे नऊशे फोन एका गाडीत. ती रिकामी असताना एका रात्रीत भरली तर तुमच्या फोनची दोन वर्षांची वीज गेली.

घाबरू नका, पैशात बघा. समजा युनिट आठ रुपयाला धरलं आणि गाडी गावात युनिटला सात किलोमीटर गेली, थोडी वीज चार्जिंगमध्येच वाया जाते ती धरून किलोमीटरला सव्वा-दीड रुपया. तीच गाडी पेट्रोलची असती तर लिटरला पंधराच्या हिशोबाने सहाच्या वर. सीएनजी साडेतीनच्या आसपास. म्हणजे बाबा म्हणतात ते अगदीच चूक नाही, सीएनजी सोडून इलेक्ट्रिक घेणाऱ्याला फायदा व्हायला खूप फिरावं लागेल, कारण इलेक्ट्रिक घेताना जास्तीचे पैसे आधीच मोजायचे असतात. जो महिन्याला तीनशे किलोमीटर पण फिरत नाही त्याने पैसे वाचवायला म्हणून ही गाडी घेऊ नये, हे मी दादालाही सांगितलं, त्याने फोन ठेवून दिला.

एक गोष्ट मला भारी वाटते ती सांगून पुढे जाते. फोनमधल्या बॅटरीत कोबाल्टचं ऑक्साइड असतं, ते लिथियम बॅटरीत चालतं हे 1980 मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी दाखवलं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये लोह आणि फॉस्फेटवाली बॅटरी असते, वजनाला जड पण तापायला कमी आणि टिकायला जास्त, ती पण नव्वदच्या दशकात अमेरिकेत टेक्सासला त्यांच्याच गटाने काढली. एकाच माणसाची दोन कामं, एक आपल्या खिशात आणि एक पार्किंगमध्ये. 2019 चं नोबेल तिघांना मिळालं त्यात ते होते, तेव्हा वय 97, इतक्या वयात नोबेल कोणालाच मिळालेलं नाही. आजीला हे आवडलं, चार्जरच्या बटणापेक्षा जास्त आवडलं. आणि यातून कामाची गोष्ट अशी निघते की फोनचे नियम गाडीला जसेच्या तसे लावू नका. फोन ऐंशी टक्क्यांवर काढलेला बरा, पण फॉस्फेटवाल्या गाड्यांना कंपन्याच सांगतात की मधूनमधून पूर्ण शंभर करा, नाहीतर किती उरली याचा गाडीचा अंदाज चुकायला लागतो. उन्हात तापवू नका हे मात्र दोघांनाही लागू.

आता आजीचा प्रश्न. आजीचं घर, म्हणजे आम्ही सगळे राहतो ते, दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत आहे, गल्ली इतकी की समोरच्या घरातली फोडणी आपल्याला ठसका लावते. तिथे गाडी दारात लावता येते, म्हणजे रात्री दहानंतर, सकाळी दूधवाला यायच्या आत थोडी सरकवावी लागते. दादा म्हणाला खिडकीतून एक्स्टेंशन सोडू. इथे मी घरात पहिल्यांदा आवाज चढवला. कारण बघा, घरचा साधा गाडीचा चार्जर 3.3 किलोवॉट घेतो, म्हणजे दीड टनाचे दोन एसी एकदम, आणि तेही पाच-पाच सात-सात तास न थांबता. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गिझर पंधरा मिनिटं, तेवढ्यात वायर तापायला वेळ मिळत नाही. ही रात्रभर चालते. जुन्या घरातली वायर बारीक असते, सॉकेट पाच अँपियरचं, जोड कापडी टेपने बांधलेले, आणि कुठलातरी एक जोड सैल असतोच, तोच आधी तापतो. आपण सगळे झोपलेले असतो तेव्हा.

आणि अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी वायर! जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते, शोभेचं भोक. फोनला काही फरक पडत नाही, त्याला दोनच पिना. पण गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो, मग लोक म्हणतात गाडी खराब निघाली. गाडी बिचारी शहाणी आहे, घर खराब आहे. मीटरपासून वेगळी जाड वायर ओढा, तिला स्वतःचं एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारं बटण, द्या, सोळा अँपियरचं चांगलं सॉकेट लावा, अर्थिंग नवीन करा, आणि वीज कंपनीकडे अर्ज करून मंजूर लोड वाढवून घ्या. हे गाडी बुक करायच्या आधी, नंतर नाही. शोरूमवाला याबद्दल शेवटी बोलतो, कधीकधी बोलतच नाही.

आपल्या बडोद्याचंच एक उदाहरण आहे. डभोई ते मियागाम रेल्वे 1862 ला सुरू झाली, खंडेराव महाराजांच्या काळात, छोट्या गेजची. आणि ती ओढायला इंजिन नव्हतं, बैल होते! रूळावर डबे आणि पुढे बैल. मग इंजिनं चालवायला गेले तेव्हा कळलं की आधीचे रूळ हलके आहेत, वजन पेलणार नाहीत, म्हणून जाड रूळ टाकावे लागले. आजीच्या घरातली वायर म्हणजे ते बैलांचे रूळ आहेत. फोनपर्यंत छान चाललं.

फ्लॅटवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे वायर नवी असते, अर्थिंग पण असतं, पण परवानगी नसते. आमच्या एका मैत्रिणीच्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरी म्हणतात आग लागेल, दुसरे म्हणतात कॉमन मीटरची वीज चोराल, तिसरे म्हणतात आज एकाला दिलं तर उद्या सगळे मागतील, अहो मागू देत ने, तेव्हा सगळ्यांची सोय एकदम करा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की मालक आपल्या घरच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करू शकतो. तुमच्या स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर आणली तर चोरीचा प्रश्नच येत नाही. आगीची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, पण तिचा उपाय नीट वायरिंग आहे. नाही म्हणून बसलं तर लोक पायऱ्यांवरून एक्स्टेंशन ओढतात, ते जास्त धोक्याचं.

ऑगस्ट 2024 चा पूर आठवतच असेल सगळ्यांना, विश्वामित्री नदी घरात आली होती आणि मगरी रस्त्यावर. कितीतरी भागात वीज बंद, फोन मेलेले, आणि नातेवाइकांना वाटतंय हे गेले की काय. तेव्हा मला सारखं वाटायचं की एक इलेक्ट्रिक गाडी कोरड्या जागी उभी असती तर अख्ख्या गल्लीचे फोन भरले असते, काही गाड्यांमधून वीज बाहेर काढायची सोय असते, तीस युनिटच्या बॅटरीत दीड हजार फोन. पण कोरड्या जागी, हे महत्त्वाचं. बॅटरीवर आयपी 67 लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तळघरात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा असा नाही. म्हणजे पुन्हा तेच, रात्री कुठे ठेवता.

आता घरातलं खरं भांडण सांगते आणि संपवते, कारण मागे चहाचे कप वाजायला लागलेत. ह्या गाड्यांचं फोनवर ॲप असतं. त्यात गाडी कुठे उभी आहे, किती टक्के आहे, कधी निघाली, सगळं दिसतं, काहींमध्ये तर अमुक भागाच्या बाहेर गेली की निरोप येतो. बाबांना हे कळलं त्या दिवसापासून सीएनजीचा आग्रह बराच कमी झालाय. माझा मात्र वाढलाय. फोनवर लास्ट सीन बंद करता येतं, लोकेशन बंद करता येतं, बॅटरी संपली होती म्हणता येतं, आणि ॲक्टिव्हावर कधीही उशीर झाला की पंपावर रांग होती म्हणता येतं, हे बहाणे म्हणजे एका घरात मोठी माणसं राहायची असतील तर लागणारी हवा आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे, काकूंनी मान हलवली म्हणून धीर आला. मी बाबांना म्हटलं ॲप घ्या, पण लोकेशनचा भाग बंद ठेवू, नाहीतर सगळ्यांना सगळ्यांचं दिसेल असं करू. बाबा म्हणाले बघू, आणि आमच्याकडे बघू म्हणजे नाही. पण आई भाजी निवडता निवडता म्हणाली, सगळ्यांना म्हणजे बाबा ऑफिस सुटल्यावर कुठे असतात ते मला पण दिसणार का? म्हटलं हो. तर म्हणे मग इलेक्ट्रिकच घ्या, रंगाचं बघून घेईन मी.