वैमानिकाच्या आसनावरचा अभियंता

नील आर्मस्ट्राँग हे नाव घेतले की डोळ्यांसमोर जुलै १९६९ उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु आज मला त्या आठवड्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आर्मस्ट्राँग आपल्यापुढे मांडायचे आहेत. स्वतःची ओळख ते अखेरपर्यंत अभियंता अशीच करून देत. हा नुसता विनय होता असे मला वाटत नाही.

पर्ड्यू विद्यापीठातील त्यांचे वैमानिकी अभियांत्रिकीचे शिक्षण अमेरिकी आरमाराच्या एका योजनेतून झाले: दोन वर्षे अभ्यास, मग आरमारी सेवा, त्यानंतर उरलेला अभ्यास. सेवेच्या काळातच कोरियाचे युद्ध पेटले आणि ‘एसेक्स’ या विमानवाहू नौकेवरून त्यांनी ७८ मोहिमा केल्या. ३ सप्टेंबर १९५१ रोजी अगदी खालून उडत असताना त्यांच्या ‘पँथर’ विमानाचा उजवा पंख आडव्या ताणलेल्या तारेवर आदळला आणि सुमारे दोन मीटरचा तुकडा तुटून गेला. विमान हवेत राहिले खरे, पण तोल सांभाळायला इतका वेग लागत होता की त्या वेगाने धावपट्टीवर उतरणे शक्यच नव्हते. एकवीस वर्षांच्या या तरुणाने ते मित्रसैन्याच्या प्रदेशापर्यंत आणले आणि मगच आसनासकट स्वतःला बाहेर फेकून घेतले.

१९५५ मध्ये पदवी घेऊन ते ‘नासा’च्या पूर्वसूरी संस्थेत, म्हणजे ‘नाका’मध्ये, संशोधन-वैमानिक म्हणून दाखल झाले आणि लवकरच कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर आले. तेथील ‘एक्स-१५’ या रॉकेट-विमानाची अडचण समजून घेण्यासारखी आहे. फार उंचावर हवा इतकी विरळ असते की शेपटीचे पृष्ठभाग हलवून काहीच साधत नाही. तेथे वायूच्या छोट्या झोतांनीच विमान वळवावे लागते, आणि खाली येताना पुन्हा पृष्ठभागांकडे वळावे लागते. हा बदल आपोआप सांभाळणारी, विमानाचा प्रतिसाद पाहून स्वतःला जुळवून घेणारी नियंत्रणप्रणाली घडवण्यात आर्मस्ट्राँग यांचा वाटा होता, आणि ती बसवलेल्या विमानाचे पहिले उड्डाणही त्यांनीच केले. २० एप्रिल १९६२ रोजी सुमारे ६३ किलोमीटर उंचीवरून परतताना त्याच प्रणालीचा एक भाग तपासण्यासाठी त्यांनी नाक वर धरून ठेवले. विमान दाट हवेतून पुन्हा वर उसळले आणि वळण्याइतकी हवाच न मिळाल्यामुळे तळ मागे टाकून थेट लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेनाच्या दिशेने गेले. इंजिन बंद, केवळ तरंगत माघारी येऊन ते तळावर धावपट्टी म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोरड्या तलावाच्या दक्षिण टोकाला कसेबसे उतरले. १२ मिनिटे २८ सेकंदांचे हे उड्डाण त्या साऱ्या कार्यक्रमात सर्वांत दीर्घ ठरले. काहींनी याला वैमानिकाची चूक म्हटले आहे; मला मात्र त्यात उपकरणाची मर्यादा शोधायला निघालेला आणि ती जरा जास्तच जवळून पाहून आलेला अभियंता दिसतो.

चंद्रावरून आल्यानंतरचा एक प्रसंग मला त्याहूनही मोलाचा वाटतो. ते नासाच्या मुख्यालयात वैमानिकी विभाग पाहत असताना एडवर्ड्सचे काही अभियंते त्यांच्याकडे आले. वैमानिकाच्या दांड्यापासून पृष्ठभागांपर्यंतचा यांत्रिक सांधा काढून टाकून तेथे विद्युत संदेश वापरण्याची त्यांची कल्पना होती, पण ती अॅनालॉग पद्धतीची, म्हणजे अंकांऐवजी सतत बदलणाऱ्या विद्युत दाबांवर चालणारी. डिजिटल संगणक का नको, असे आर्मस्ट्राँग यांनी विचारले. उड्डाणायोग्य संगणक आहेच कुठे, असे उत्तर आले. त्यावर, आपण चंद्रावर गेलो तो अशाच एका संगणकाच्या भरवशावर, याची त्यांनी आठवण करून दिली. अपोलोचा तोच संगणक ‘एफ-८’ या लढाऊ विमानात बसवला गेला आणि २५ मे १९७२ रोजी नासाचे वैमानिक गॅरी क्रायर यांनी ते उडवले. पर्यायी यांत्रिक जोडणी त्यात उरलेली नव्हती. यांत्रिक सांध्याऐवजी संगणकाच्या विद्युत संदेशांनी विमान चालवण्याची ही पद्धत, म्हणजे डिजिटल ‘फ्लाय-बाय-वायर’, प्रवासी विमानांत १९८८ मध्ये ‘एअरबस ए-३२०’सोबत रुजू झाली. ‘एफ-८’ उडाले तेव्हा आर्मस्ट्राँग नासात नव्हते. आदल्याच वर्षी ते सिनसिनाटी विद्यापीठात अवकाश-अभियांत्रिकी शिकवायला गेले होते.