कंडमाइन नदीवरची आग आणि भूगर्भातले पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात चिंचिला या गावाजवळून कंडमाइन नदी वाहते. २०१२ साली तिच्या पात्रात बुडबुडे उठताना दिसले, आणि ते मिथेन वायूचे होते. पुढे एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या विधानपरिषदेचे सदस्य जेरेमी बकिंगहॅम एका छोट्या होडीतून त्या बुडबुड्यांपर्यंत गेले, त्यांनी पाण्यालगत लायटर पेटवला आणि होडीभोवती भडका उडाला. नदीवर ज्वाळा नाचत असल्याचे ते चित्रण जगभर पाहिले गेले. परिसरातील कोळशाच्या थरांतून वायू काढणाऱ्या विहिरींमुळेच हे घडले, असा बकिंगहॅम यांचा आरोप होता. उलट, भूस्तरांतील नैसर्गिक भेगांतून आणि कोळशाच्या शोधासाठी पूर्वी घेतलेल्या छिद्रांतूनही मिथेन वर येऊ शकतो, असे सांगणारेही होते. वाद मिटला नाही, कारण विहिरी खोदण्यापूर्वी नदीतून किती वायू येत होता, याची पुरेशी मोजणीच झालेली नव्हती. माझे तर स्पष्ट मत आहे की, खोदकामाआधीची मोजणी नसेल तर परवानगीच देऊ नये, मग ती विहीर वायूची असो वा आपल्या गावातली साधी बोअरवेल.

मात्र त्या ज्वाळांपेक्षा मला चिंता वाटते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्याची. कोळशाच्या थरातील मिथेन पाण्याच्या दाबामुळे कोळशाला धरून राहतो आणि दाब कमी केल्यावरच सुटतो. म्हणून आधी पाणी उपसावे लागते. पुन्हा सांगतो, पाणी उपसल्याशिवाय वायू मिळत नाही; त्यामुळे पातळी खालावणे हा या उद्योगातला अपघात नसून ती त्याची रीतच आहे. तेथील वालून कोळसाथरांच्या वर स्प्रिंगबॉक आणि खाली हटन हे पाणी धरणारे वालुकाश्म आहेत, आणि कोळशातला दाब उतरला की या थरांतले पाणीही तिकडे झिरपू शकते. त्याच पाण्यावर पशुपालकांच्या बोअरवेल चालतात.

तेथील कायद्यानुसार, उपशामुळे खडकातील पाण्याची पातळी ५ मीटरपेक्षा अधिक किंवा सैल गाळातील पातळी २ मीटरपेक्षा अधिक उतरण्याचा अंदाज असेल, तर शेतकऱ्याच्या बोअरवेलची तपासणी करावी लागते आणि पाणी कमी पडणार असेल तर कंपनीला बोअरवेल खोल करून, दुसरे पाणी पुरवून किंवा मोबदला देऊन ती हानी भरून द्यावी लागते. ही तरतूद चांगलीच आहे. पण वायू संपून कंपनी निघून गेल्यावरही खडकातला दाब पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागतात, आणि तेवढा काळ ते नुकसान भरून देण्यास कोण बांधील राहील, हे करार करतानाच शेतकऱ्याला लेखी मिळायला हवे.