बस बघू मांडी घालून

ठाणे, नौपाडा. जुन्या इमारतीचा पहिला मजला. दारावर पाटी नाही, पण जिन्यातच शिलाई मशीनची घरघर ऐकू येते. इथे नवरीची नऊवारी शिवून मिळते.

आज एक मायलेक आल्यात. मुहूर्त मे महिन्यातला. आई पिशवीतून साडी काढते. जांभळा रंग, पदरावर मोर. शिवणाऱ्या मावशी मोराकडे बघतही नाहीत. पदर उलटा करतात आणि अंगठा फिरवतात. मागे कापलेल्या धाग्यांची लव हाताला लागते.

"पैठणी म्हणून घेतलीत का, ताई?"

"दुकानदार तसंच म्हणाला."

बिलावर मात्र नुसतं 'साडी' लिहिलंय.

येवल्याच्या हातमागावर मोरातला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवरून येतो. निळा धागा मोराच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच मागे फिरतो. म्हणून पदर सुलटा बघा की उलटा, मोर तोच. यंत्रावर धागा मागून लांब जातो, मग कापावा लागतो. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी नाव सर्रास कशालाही चिकटतं. सिल्क मार्कचं लेबल असलं तर रेशमाची खात्री, हातमागाची नव्हे. हा फरक काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही.

मावशी पदराच्या दशीतला एक धागा काडीवर धरतात. केस जळल्यासारखा वास, राख बोटांत चुरते. रेशीम! आईचा चेहरा खुलतो. पण दशीत फक्त उभे धागे असतात. मावशी ब्लाऊजपीसच्या कडेचा आडवा धागा ओढतात. तो आक्रसतो, वितळतो आणि काळा टणक मणी होतो. पॉलिस्टर.

यंत्रावरची साडी म्हणजे वाईट साडी, असं मावशींचं म्हणणं नाही. सगळ्यांना हातमागाची कुठून परवडणार? त्यांचा प्रश्न वेगळाच आहे: "होमापाशी हीच नेसणार?"

रेशीम हवेतला ओलावा धरतं, साधारण वजनाच्या ११ टक्के. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मे महिन्यातल्या ठाण्यात, धुरात, सव्वाआठ मीटर कापड गुंडाळून बसल्यावर घाम जाणार कुठे? आणि ठिणगी उडालीच, तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. रेशीम जळतं, पण सावकाश.

नवरी हळूच म्हणते, "मामाने पिवळी दिलीय. कॉटन-सिल्कची. साधीच आहे."

"आण की मग ती!"

ठरतं. विधींना पिवळी, जांभळी संध्याकाळच्या एसी हॉलमध्ये. आईला हे फारसं पटलेलं नाही. ती जांभळी घडी घालते, मोर वर येईल अशी.

मावशी सतरंजी पसरतात. "बस बघू मांडी घालून." उभ्याने घेतलेल्या मापावर काष्टा शिवला तर तो पाटावर बसताना ताणतो, म्हणून आसनाचं माप त्या बसवूनच घेतात. टेप लावतात, वहीत आकडा लिहितात, थांबतात. मग पुढे 'अधिक २' लिहितात.

"लाजाहोमाला वाकायचंय ना."