पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ

(दृश्य: आरोग्य केंद्राचा ओटा. लोखंडी वजनकाट्यावर दोन अनवाणी पाय चढतात. काटा थरथरतो, मग स्थिरावतो.)

बेचाळीस किलो सहाशे ग्रॅम.

झारखंडमधल्या २,८०० क्षयरुग्णांना वजनाप्रमाणे एका रांगेत उभं केलं, तर बरोबर मधोमध येणाऱ्या माणसाचं हे वजन. म्हणजे निम्मे लोक याहूनही हलके. दहातले आठ जण उंचीच्या मानाने कमी वजनाचे, आणि जवळपास निम्मे इतके खंगलेले की डॉक्टर त्यांची नोंद ‘तीव्र कुपोषित’ अशी करतात. उपचाराची पहिली गोळी पोटात जायच्या आधीची ही गोष्ट.

टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो, संध्याकाळचा बारीक ताप आठवतो, बेडक्याची डबी आठवते. पण आपल्या भाषेने या रोगाला नाव दिलं ते खोकल्यावरून दिलं नाही. क्षय म्हणजे झिजणं. कलेकलेने झिजणाऱ्या चंद्रालाच हा राजयक्ष्मा जडला होता, अशी कथा आपल्याकडे फार जुनी आहे. रोगी वाळत जातो हे घरातल्या बाईला जंतूचा शोध लागण्यापूर्वी कित्येक शतकं दिसत होतं. माणूस टीबीमुळे वाळतो, की वाळलेल्या माणसाला टीबी गाठतो, एवढंच नीट उलगडायचं राहिलं होतं.

दोन्ही खरं आहे. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा भक्कम पुरावा २०२३ साली आपल्याच देशातून आला. हा माहितीपट त्या पुराव्याबद्दल आहे.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काच. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या.)

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. त्या दिवसापासून क्षय म्हणजे जंतू हे समीकरण पक्कं झालं. ते बरोबरच आहे. पण जंतू शरीरात शिरला की रोग झाला, असं या आजारात होत नाही. भारतातल्या प्रौढांपैकी जवळपास तिसरा हिस्सा हा जंतू अंगात घेऊन वावरतो. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढे केव्हातरी रोग होतो.

बाकीच्यांच्या शरीरात रोज पहारा चालू असतो. फुफ्फुसात जंतू जिथे दडलेला असतो तिथे पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती कडं करतात आणि त्याला कोंडून ठेवतात. एकदा कडं केलं की काम संपत नाही. पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या उभ्या कराव्या लागतात, त्यांना एकमेकींना इशारे द्यावे लागतात. या सगळ्याला प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते. पोटात पुरेसं अन्न नसेल तर कडं विरळ होत जातं, आणि वर्षानुवर्षं कोंडलेला जंतू बाहेर पडतो.

याची खूण फार पूर्वी मिळाली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावण्यांमध्ये ब्रिटिश आणि रशियन युद्धकैदी सारख्याच हालात राहत होते. तीच थंडी, तेवढीच मेहनत, छावणीचं अन्नही तेच. फरक एकच. ब्रिटिश कैद्यांना रेड क्रॉसकडून खाण्याच्या पेट्या यायच्या. त्यातून दिवसाला साधारण १,००० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं जास्त मिळायची. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, डॉ. लेटन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे मांडले. ब्रिटिश कैद्यांमध्ये क्षयाचं प्रमाण १.२ टक्के. रशियनांमध्ये १५ ते १९ टक्के.

इंग्लंडातच केंब्रिजजवळ पॅपवर्थ नावाचं गाव आहे. डॉ. पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनी १९१८ साली तिथे क्षयरुग्णांची वसाहत वसवली. रुग्ण आपल्या बायकामुलांसह राहत, झेपेल तेवढं काम करत, त्याची मजुरी मिळे, चांगलं घर आणि पोटभर अन्न मिळे. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. घरात खोकणारा बाप, आणि त्याच घरात वाढणारी मुलं. जंतू त्या मुलांपर्यंत पोचत होता, पण वसाहतीत जन्मलेल्या मुलांमध्ये रोग फारच थोड्यांना होत होता. १९४३ पर्यंतच्या या नोंदी पुढे जवळजवळ विसरल्या गेल्या. त्या पुन्हा उघडून २०१२ मध्ये नव्याने मांडणाऱ्या संशोधकांत डॉ. अनुराग भार्गव होते. हे नाव लक्षात असू द्या.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. उंच खिडक्यांचा लांबलचक वॉर्ड, ओळीने लोखंडी खाटा.)

इतका ढळढळीत पुरावा असताना अन्नाची गोष्ट मागे कशी पडली? त्याचं उत्तर मद्रासमध्ये आहे, आणि मला ते चटका लावणारं वाटतं, कारण यात कुणाचीच चूक नव्हती.

१९५० च्या दशकापर्यंत क्षयरोगी म्हणजे सॅनिटोरियम. आपल्याकडे मिरज, औंध, शिवडी ही नावं जुनी माणसं आवाज खाली आणूनच घ्यायची. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी, आणि महिनोन्‌महिने घरापासून ताटातूट. खाटा मात्र मोजक्या. रुग्ण लाखोंनी.

मग औषधं आली. १९५६ साली मद्रासला एक संशोधन केंद्र उभं राहिलं आणि तिथे एक साधा प्रश्न विचारला गेला: औषध तेच असेल, तर रुग्णाला घरी ठेवून बरं करता येईल का? गरीब वस्त्यांमधल्या रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये, खाटेवर, सकस आहारावर. दुसरा आपापल्या खोपटात, दाटीवाटीत, जे मिळेल ते खात. दोघांना वर्षभर त्याच गोळ्या. १९५९ मध्ये निकाल आला. सॅनिटोरियममधले ९२ टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले, घरचे ८६ टक्के. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

या एका अभ्यासाने जगभरातल्या सॅनिटोरियमची दारं उघडली. रुग्ण घरी राहून बरा होऊ शकतो, लेकराबाळांत राहू शकतो, हे मद्रासने जगाला शिकवलं. त्याचं मोल कमी लेखायचं कारण नाही.

पण त्याबरोबर आणखी एक वाक्य घरोघर गेलं. १९६१ मध्ये त्याच रुग्णांच्या आहाराची तपासणी प्रसिद्ध झाली. औषध नीट घेतलं तर निकृष्ट आहारातही जंतू मरतो, असा तिचा अर्थ होता. ऐकणाऱ्यांनी ऐकलं, ‘क्षयात आहाराला महत्त्व नाही.’ रुग्णाच्या बायकोला, भावाला, शेजारच्या अंथरुणावर झोपणाऱ्या मुलाला पुढे क्षय होतो का, आणि त्यांना पोटभर जेवण मिळालं तर तो टळतो का, हे त्या आहाराच्या तपासणीत कुणी विचारलंच नव्हतं. ते विचारायला साठ वर्षं जावी लागली.

(दृश्य: छत्तीसगड. बिलासपूरजवळचं गनियारी. व्हरांड्यात बसलेली माणसं.)

गनियारीत जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं रुग्णालय आहे. डॉ. अनुराग भार्गव तिथे काम करत होते. २०१३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १,६९५ क्षयरुग्णांची वजनं प्रसिद्ध केली. पुरुषांचं मध्यावरचं वजन ४२.१ किलो, बायकांचं ३४.१.

चौतीस किलो. धडधाकट अकरा वर्षांची मुलगी एवढ्या वजनाची असते. इथे त्या वजनाची बाई पाणी भरत होती, चूल पेटवत होती आणि खोकत होती.

डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव पुढे मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयात गेले. तिथून, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर, त्यांनी झारखंडमध्ये प्रयोग उभा केला. त्याचं नाव ‘रेशन्स’. सोबतीला चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था होती. १९५६ साली मद्रासला उभं राहिलेलं केंद्र म्हणजेच आजची ही संस्था.

चार जिल्हे, २,८०० रुग्ण, आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. यातली दोन तृतीयांश आदिवासी कुटुंबांतली. रुग्णांना तर शिधा द्यायलाच हवा, उपाशी रुग्णासमोर वही घेऊन बसून राहणं कोणत्याही डॉक्टरला शोभणारं नाही. म्हणून शिधा सगळ्याच रुग्णांना दिला: महिन्याला दहा किलोंचा, तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल असा. फरक ठेवला तो घरातल्या इतरांपुरता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्या भागांत घरातल्या इतर माणसांनाही शिधा दिला, उरलेल्या भागांत फक्त रुग्णाला.

(दृश्य: जवळून. तराजूत पडणारे तांदूळ. मग डाळ. पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं जातं.)

ही पिशवी जरा उघडून बघू या. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. तीसने भागलं तर दिवसाला साधारण १६७ ग्रॅम तांदूळ, म्हणजे ओंजळभर. डाळ ५० ग्रॅम, मुठीत मावेल एवढी. दोन्ही मिळून ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं. यात महागडी भुकटी नाही, परदेशी पाकीट नाही. वरण-भाताचं एक भरलेलं ताट, रोज.

नोंदणी ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली. सहा-सात महिन्यांत करोना आला, टाळेबंदी लागली, रोजंदारी बुडाली. त्या काळातही पिशव्या पोचवायच्या होत्या, आणि घराघरात जाऊन कुणाला खोकला आहे का, कुणाचं वजन उतरलंय का, हे विचारत राहायचं होतं. हा पाठपुरावा २०२२ पर्यंत चालला. संशोधनाच्या निबंधात हे सगळं दोन-चार ओळींत उरकतं. मला मात्र ही त्या कामातली सर्वांत कठीण बाजू वाटते.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. बेडक्यात जंतू सापडणारा, दुसऱ्याला लागणारा फुफ्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी. म्हणजे जवळपास निम्मा. साधारण तीस घरांना शिधा दिला की एक माणूस क्षयापासून वाचतो, असा हिशोब निघाला.

रुग्णांचं काय झालं, तेही त्याच वेळी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. बेचाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे दोन किलो आणि वर थोडं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यातला प्रत्येक रुग्ण क्षयाची औषधं घेत होता. शिधा औषधाच्या जागी नव्हता, जोडीला होता. गोळ्या अर्धवट सोडून फक्त दूध-अंडी खाल्ल्याने क्षय बरा होत नाही, उलट औषधांना न जुमानणारा क्षय होतो आणि तो घरभर पसरतो.

(दृश्य: रेशन दुकान. भिंतीवरची फळी, खडूने लिहिलेले भाव.)

सरकारी कामात यातलं काही उतरलं आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये येत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. निक्षय मित्र योजनेत माणसं किंवा संस्था स्वेच्छेने रुग्णाच्या शिध्याचा भार उचलतात. ही शिध्याची मदत रुग्णाच्या घरच्यांपर्यंत नेण्याचा निर्णयही झाला. चांगलं झालं. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आपल्या देशात आहे, त्यामुळे यातला प्रत्येक रुपया वेळेवर खात्यात पडणं मोलाचं आहे. उपचाराचे सहा महिने संपल्यावर आलेले पैसे त्या दोन किलोंसाठी उपयोगाचे नाहीत.

पण मला त्या पिशवीतला आकडा पुन्हा दाखवायचा आहे. पाच किलो तांदूळ. अन्नसुरक्षा कायद्याखाली रेशनवर माणशी महिन्याला मिळतं तेही पाच किलोच धान्य. म्हणजे पिशवीतल्या तांदळाएवढं धान्य देणारी यंत्रणा आपल्याकडे आधीच आहे. दुकान आहे, तराजू आहे, शिधापत्रिका आहे, अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्रसुद्धा आहे. त्यात नाही ती डाळ. नंदुरबारच्या पाड्यावर काय आणि गोवंडीच्या चाळीत काय, क्षयरुग्ण असलेल्या घराच्या शिधापत्रिकेवर माणशी दीड किलो डाळ चढवायला नवं खातं उघडावं लागणार नाही. आधी त्या घरांपासून सुरुवात व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

घरात कुणाचे टीबीचे उपचार चालू असतील, तर दर महिन्याला त्याचं वजन करून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या. दोन महिन्यांत वजन जागचं हललं नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना सांगा. घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का, तेही विचारा. पहिली खूण खोकल्याची असेलच असं नाही. कधी ती ढिल्या झालेल्या बांगडीची असते, एक भोक पुढे सरकलेल्या कमरपट्ट्याची असते.

(दृश्य: तोच ओटा, दोन महिन्यांनंतर. तेच अनवाणी पाय काट्यावर चढतात. नर्सबाई वाकून आकडा वाचतात.)

नर्सबाई: चव्वेचाळीस सातशे. थांब, हलू नकोस. परत बघते.

(काटा स्थिरावतो. पेन कार्डावर टेकतं.)