शर्यतीची गाडी, जप्तीच्या आवारात

(दृश्य: पोलिसांनी उचलून आणलेल्या गाड्यांची रांग. काचांवर धूळ.)

हिची चाकं बघा. मूळ चाकं काढून रुंद बसवली आहेत. बॉडी रस्त्याला घासेल इतकी खाली, सायलेन्सर मुद्दाम मोकळा केलेला. एवढी हौस केलेली गाडी इथे उभी राहिली की आधी बॅटरी उतरते, मग टायर बसतात.

(दृश्य: रात्रीचा रिकामा रस्ता. दोन गाड्या शेजारी शेजारी.)

शर्यत लावणारा माणूस दंड भरून दुसऱ्या रात्री पुन्हा याच रस्त्यावर येतो. गाडीच नसेल तर येणार कशात? जप्तीमागचं गणित इतकं साधं आहे.

न्यूझीलंडने 2003 साली अशा गाड्या 28 दिवस अडकवायला सुरुवात केली. 2009 मध्ये त्याही पुढचा कायदा आला : पुन्हापुन्हा सापडणाऱ्याची गाडी थेट चिरडायची. मंत्री जुडिथ कॉलिन्स यांना ‘क्रशर’ म्हणजे चिरडणारी, हे टोपणनावच पडलं. प्रत्यक्षात पहिली गाडी यंत्राखाली गेली 2012 साली. धाक मोठा, यंत्र मात्र सावकाश.

जर्मनीला जाग आली ती एका मृत्यूनंतर. 1 फेब्रुवारी 2016, बर्लिनचा कुरफ्युर्स्टेनडाम रस्ता. दोघांची शर्यत, लाल सिग्नल एकामागून एक तोडलेले आणि हिरव्या सिग्नलवर निघालेली एक जीप. जीप चालवणारे 69 वर्षांचे गृहस्थ जागीच गेले. तोवर तिथे रस्त्यावर शर्यत लावणं म्हणजे नियमभंग, फार तर दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. ऑक्टोबर 2017 पासून तो गुन्हा झाला आणि गाडी कायमची काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

(दृश्य: आवारात क्रेनवरून उतरणारी गाडी.)

खरी अडचण पुढे येते. गाडी कुणाची? वडिलांची, मित्राची, की भाड्याची? डेन्मार्कने 2021 च्या कायद्यात हा प्रश्न जवळजवळ निकालातच काढला. बेफाम चालवलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर असली तरी ती जाऊ शकते, आणि लिलावाचे पैसे सरकारजमा होतात. मालकावर हे जरा कडकच. पण किल्ली कुणाच्या हातात देतोय, हे तो आता दोनदा बघत असणार.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एक गृहस्थ जर्मनीत लॅम्बोर्गिनी विकत घेऊन डेन्मार्कमार्गे नॉर्वेला घरी निघाले होते. शर्यत कुणाशीच नव्हती. वेग ताशी 236 किलोमीटर.

गाडी घेऊन काही तासच झाले होते. पोलिसांनी ती तिथेच ठेवून घेतली.