शाळेत टॅब आले, पण चौथ्या वर्षी काय?

नमस्कार! शाळेला देणगीतून दोनशे टॅब मिळाले, की सगळ्यांना आनंद होतो. व्हायलाच हवा. पण अशा वेळी मी एकच खवचट प्रश्न विचारतो: चौथ्या वर्षी यांचा खर्च कोण करणार?

बिलावर दिसते ती फक्त खरेदीची किंमत. कव्हर, जादा चार्जर, चार्जिंगचं कपाट, सॉफ्टवेअरचं लायसन्स, दुरुस्ती हे सगळं वेगळं. आणि हे सांभाळणाऱ्या माणसाचा पगार? तो अंदाजपत्रकातून हमखास गळतो. मग संगणक शिकवणारे सर तास सोडून पासवर्ड बदलत बसतात.

एकरकमी पैशाची आणखी एक गोची आहे. कोविडच्या काळात अमेरिकेतल्या शाळांनी केंद्राच्या मदतनिधीतून ढिगाने लॅपटॉप घेतले. त्या निधीच्या शेवटच्या हप्त्यातून नवे खर्च ठरवायची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. लॅपटॉप एकदम आले, म्हणजे जुनेही एकदमच होणार, आणि तेव्हा हा निधी नसणार. त्यापेक्षा दरवर्षी एक चतुर्थांश यंत्रं बदलायची. खर्च दरसाल तेवढाच राहतो, तो वीजबिलासारखा नेहमीच्या खर्चात धरता येतो.

आता स्वस्तातल्या मालाबद्दल. यंत्र धडधाकट असतं, पण त्याचे अपडेट बंद होतात. क्रोमबुकला, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपला, १० वर्षं अपडेट देऊ, असं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. पण ही १० वर्षं तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत; त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म, म्हणजे आतला मूळ हार्डवेअरचा साचा, बाजारात आला तेव्हापासून मोजतात. म्हणजे दुकानात पडून राहिलेला जुना माल घेतलात, तर त्यातली काही वर्षं आधीच सरलेली असतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि कित्येक जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढतच नाही. म्हणून कोटेशन मागवताना अपडेट कधीपर्यंत मिळणार, ती तारीख लेखी मागा.

मोडतोड कशी होते, माहितीये? कीबोर्डवर पेन्सिल राहते, मूल घाईत झाकण मिटतं, स्क्रीन गेला. चार्जरची वायर तिरकी ओढली, पोर्ट सैल झाला. टचपॅड दाबलाच जात नाही किंवा झाकण नीट बसत नाही, असं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. ते यंत्र लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, वेगळं ठेवा. आणि पहिल्याच अपघाताला दंड लावू नका, असं माझं ठाम मत आहे. दंडाच्या भीतीने मुलं फुटका टॅब दप्तरात लपवतात, आणि तुम्हाला ते परीक्षेच्या आदल्या दिवशी कळतं. वर्गाला पुरतील त्याहून थोडे जास्त टॅब घ्या, म्हणजे एक दुरुस्तीला गेला तरी मुलाचं अडत नाही.

सगळे टॅब एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर, म्हणजे एमडीएम, टॅब वाटण्याआधीच चढवा, आणि मुलांना काढता येणार नाही असं. लॉस एंजेलिसमध्ये २०१३ साली आयपॅड वाटले, तर काही आठवड्यांतच मुलांनी त्यातली प्रोफाइल, म्हणजे शाळेने घातलेली सेटिंग, उडवून नको त्या साइट अडवणारे फिल्टर मोकळे केले. पोरं हुशार असतात हो!

पण ताबा कुठवर, हेही ठरवा. पेनसिल्व्हानियातल्या लोअर मेरियन इथे शाळेच्या लॅपटॉपचा कॅमेरा दुरून चालू करून मुलांचे घरातले फोटो निघाल्याचं २०१० मध्ये उघड झालं, आणि तिथल्या शाळा प्रशासनाला ६,१०,००० डॉलर देऊन दावे मिटवावे लागले. हरवलेलं यंत्र शोधायची सोय जरूर ठेवा. पण ती कोण वापरणार आणि कोणाच्या परवानगीने, हे पालकांना वाटपाच्या दिवशीच लेखी द्या.

सुट्टी लागली, की यंत्रं पूर्ण चार्ज करून किंवा पार संपवून कपाटात ठेवू नका. साधारण निम्मा चार्ज ठेवा, बंद करा, कपाट थंड, कोरड्या जागी असू द्या. आणि सुट्टीत मधेच एकदा कुणीतरी कुलूप उघडून बघायला हवं. त्या माणसाचं नाव आत्ताच ठरवून टाका.