पैठणीचा मोर पीसीबीवर कसा उतरवायचा?

राम राम मंडळी! हा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड बघा. शेतातल्या मोटारीचा टायमर आहे, आणि या कोपऱ्यात पांढऱ्या शाईत पैठणीचा मोर. पहिल्या खेपेला हाच मोर पिसाऱ्याविना आला होता. बोर्ड बनवणाऱ्यांनी काही चुकवलं नव्हतं, मी दिलेली फाइलच तशी होती.

सिल्कस्क्रीनला, म्हणजे बोर्डावर अक्षरं-चित्रं छापणाऱ्या शाईच्या थराला, राखाडी रंग नसतो. शाई आहे किंवा नाही, एवढंच. आणि बहुतेक ठिकाणी ०.१५ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ धड उमटत नाही. आता हिशेब करू. माझं चित्र २००० पिक्सेल रुंद, बोर्डावर जागा २० मिलिमीटर. म्हणजे एक पिक्सेल ०.०१ मिलिमीटरचा. पिसाऱ्यातली रेघ ६ पिक्सेल, म्हणजे ०.०६ मिलिमीटर. गेली ना! निदान १५ पिक्सेल जाड हवी होती.

मग मी चित्र पुन्हा काढलं. पिसाऱ्यातले डोळे कमी केले, रेघा जाड केल्या, दोन रेघांमधली जागाही वाढवली, नाहीतर शाई एकमेकीत मिसळते. पैठणचा विणकर तरी दुसरं काय करतो? धाग्यापेक्षा बारीक नक्षी त्यालाही काढता येत नाही, म्हणून तो मोर धाग्याच्या मापाने बसवतो. आपलं माप शाईचं.

चित्र पीएनजीत ठेवा. जेपेगच्या कडांना राखाडी कचरा असतो, तो बोर्डावर ठिपके होऊन येतो.

आता कायकॅड, म्हणजे बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर, उघडू. त्यात इमेज कन्व्हर्टर आहे, जुन्या आवृत्तीत याचंच नाव बिटमॅप टू कंपोनंट होतं. चित्र उघडा, रुंदी २० मिलिमीटर टाका, थ्रेशोल्डची पट्टी (किती गडद ते काळं धरायचं, हे ती ठरवते) हळूहळू सरकवा आणि काळ्या-पांढऱ्या चित्राकडे नीट बघा. इथं घाई करू नका. आउटपुट फूटप्रिंट (म्हणजे बोर्डावर ठेवायचा तयार तुकडा), लेयर फ्रंट सिल्कस्क्रीन, आणि एक्स्पोर्ट.

एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा: चित्रातला काळा भाग म्हणजे शाई, आणि शाई बहुधा पांढरी. रेघांच्या मोराला फरक पडत नाही. पण कुणाचा चेहरा टाकलात तर काळे केस पांढरे होतील, फोटोच्या निगेटिव्हसारखं. तेव्हा नेगेटिव्हवर टिक करायची, पण आधी चित्राची पार्श्वभूमी काळी करून घ्या. पांढरी ठेवलीत तर चेहऱ्याभोवती शाईचा चौकोन येईल.

फूटप्रिंट बोर्डावर ठेवला की त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नॉट इन स्कीमॅटिक' टिक करा. नाहीतर स्कीमॅटिकवरून, म्हणजे सर्किटच्या आकृतीवरून, बोर्ड अपडेट करताना मोर उडू शकतो. पॅडवर, म्हणजे सोल्डर लावायच्या जागेवर, मोर येऊ देऊ नका, तिथली शाई बहुधा छाटली जाते. आणि मोटार, सप्लाय, प्लस, मायनस ही अक्षरं आधी, १ मिलिमीटर उंचीची. रात्री बॅटरीच्या उजेडात वायर जोडणारा तेच वाचणार आहे, मोराला त्यातून उरलेली जागा.

शेवटी गर्बर, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यांना द्यायच्या फाइली, काढा आणि सिल्कचा लेयर कागदावर खऱ्या मापात छापा, शंभर टक्के स्केलवर. कागद एवढ्या अंतरावर धरायचा, हाताच्या लांबीवर. पिसाऱ्यातला डोळा दिसतोय? मग पाठवा ऑर्डर.